मुका मार



आपल्या मराठी भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, ते ज्यानें प्रथम उच्चारले त्याच्या निरीक्षणाचें कौतुक करावेंसें वाटतें. ‘मुका मार’ हा त्यांपैकींच एक. ज्या आघातानें कातडी फाटत नाहीं, रक्त वाहत नाहीं, औषध लावावयास जागा सांपडत नाहीं, त्याला आपण मुका मार म्हणतों. फुटलेलें डोकें आरडाओरड करून सारें घर गोळा करतें. मुका मार गप्प बसतो. माणूस पडतो, उठतो, धोतराची धूळ झटकतो आणि “कांहीं नाहीं, मुका मार आहे,” असें म्हणून चालूं लागतो. हात, पाय, पाठ यांच्या बाबतींत हा धीर बहुधा खराही ठरतो. पण तोच मार छातीवर बसला असेल तर त्याचें मुकेपण फार घातक होय, आणि तेवढ्याच एका गोष्टीविषयीं मी आज आपणांशीं बोलणार आहें.

प्रथम एक कबुली देतों. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतली आणि ३६ वर्षें मुलांना अंकगणित व सृष्टिज्ञान शिकविलें. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार इतकाच कीं, छातीचा मुका मार माझ्या घरीं दोनदां पाहुणा आला. पहिल्या खेपेस मीं केलेली शुश्रूषा मनापासून केलेली होती, परंतु चुकीची होती. दुसऱ्या खेपेस मीं ती शिकून घेतली. मधल्या काळांत जें वाचलें, डॉक्टरांना विचारून जें समजून घेतलें, तेंच आपणांपुढें ठेवतों.

आमचें पनवेल हें रस्त्यांचें गांव. एके काळीं गलबतें आमच्या खाडींत लागत आणि माल बैलगाड्यांवर चढून पुण्याकडे जाई. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला, तेव्हांपासून घाटाची वाट गांवाच्या दाराशीं आहे. आतां मुंबई-पुणें जुना रस्ता, पळस्प्याहून फुटणारा गोव्याचा रस्ता, उरणच्या बंदराचा रस्ता, आणि २००२ सालीं पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, अशा चहूंबाजूंच्या रस्त्यांत आम्ही राहतों. रात्रीं झोंप मोडली तर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूं येतो आणि म्हातारी माणसें अंथरुणांतच हात जोडतात. याच द्रुतगती मार्गावर फेब्रुवारी २००१ मध्यें भक्ती बर्वे यांच्यासारखी गुणी अभिनेत्री अपघातांत गेली. आणि १४ ऑगस्ट २०२२ च्या पहांटे माजी आमदार विनायक मेटे यांना अपघातानंतर आमच्या शेजारच्या कामोठ्याच्या रुग्णालयांत आणलें, तें व्यर्थ ठरलें. ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येत नाहींत असे कितीतरी. तथापि छातीचा मार बसण्यास द्रुतगती मार्गच लागतो असें नाहीं. घरामागची विहीर पुरते.

१९९६ सालचा आषाढ. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, तेव्हां ६६ वर्षांचे होते. भाताच्या गिरणींत हिशेबनिसाची नोकरी करून निवृत्त झालेले, अंगानें सडपातळ, स्वभावानें हट्टी. पहांटेचें पाणी स्वतःच काढावयाचें, हा त्यांचा नेम. पावसानें विहिरीजवळच्या फरशीवर शेवाळ धरलें होतें. त्यांचा पाय सरकला आणि उजवी कूस विहिरीच्या दगडी कठड्यावर आदळली. कळशी गडगडत गेली त्या आवाजानें मी धांवलों. अण्णा कठड्याला टेकून बसले होते. मला पाहून म्हणाले, “कांहीं नाहीं रे, मुका मार आहे. तुझ्या आईला सांगूं नकोस, उगीच घाबरेल.”

आईला अर्थात कळलेंच. तिनें आंबेहळद व रक्त्याबोळ उगाळून ऊन ऊन लेप केला. माझें काम त्यापुढचें. शाळेंत बालवीर पथकाचें एक जुनें प्रथमोपचाराचें पुस्तक होतें. बरगडी दुखावल्यास छातीभोंवतीं रुंद पट्टा आवळून बांधावा आणि गांठ रोग्यानें श्वास सोडला असतां मारावी, असें त्यांत मीं वाचलें होतें. आईच्या जुन्या लुगड्याच्या मीं तीन पट्ट्या फाडल्या. “अण्णा, श्वास सोडा,” असें म्हणालों आणि त्यांनीं सोडतांच गांठ आवळली. मला आजही ती गांठ हाताला जाणवते. अण्णांचा चेहरा एकदम सैल झाला. “आतां बरें वाटतें,” ते म्हणाले. खरोखरच त्यांना बरें वाटलें होतें, यांतच सारा घोटाळा आहे. दोन रात्रीं ते उताणे निजून राहिले. खोकला आला कीं कळ येई, म्हणून मीच त्यांना सांगत असें, “अण्णा, खोकूं नका, दाबून धरा.” बोलूंही नका, उठूंही नका. शुश्रूषा म्हणजे विश्रांति, आणि विश्रांति म्हणजे निश्चल पडून राहणें, अशी माझी समजूत होती. सारें घर त्यांच्याभोंवतीं पाय न वाजवितां वावरत होतें.

तिसऱ्या रात्रीं ताप चढला. चौथ्या दिवशीं छातींतून घर्रघर्र असा आवाज येऊं लागला आणि पांचव्या दिवशीं त्यांचे ओंठ काळसर दिसले, तेव्हां आम्ही भाड्याची जीप करून त्यांना मुंबईच्या एका इस्पितळांत नेलें. क्ष-किरणांच्या चित्रांत उजवीकडच्या चार बरगड्या मोडलेल्या दिसल्या, आणि त्यांच्यामागचें फुफ्फुस खालच्या अंगाला पांढरें पडलेलें होतें. न्यूमोनिया. अकराव्या दिवशीं अण्णा गेले. पट्टी सोडतांना तेथील तरुण डॉक्टरांनीं विचारलें होतें, “ही कोणी बांधली?” मीं सांगितलें, “मीं.” ते क्षणभर गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, “मास्तर, अलीकडे आम्ही बांधीत नाहीं.” याहून कठोर शब्द ते बोलले असते तरी चाललें असतें.

आतां या न बांधण्यामागें कारण काय, तें सांगतों. आपल्या छातीचा पिंजरा बरगड्यांच्या १२ जोड्यांचा. वरच्या सात जोड्या पुढें उरोस्थीला थेट जोडलेल्या असतात, पुढच्या तीन आपल्यावरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटलेल्या, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. वर्गांत मी मुलांना बुरुडाच्या टोपलीची उपमा देत असें. पण टोपली स्थिर असते आणि हा पिंजरा मिनिटास १२ ते २० वेळां हलतो, दिवसाकाठीं वीस हजारांवर. मोडलेला हात आपण लाकडाच्या फळींत बांधून सहा आठवडे स्वस्थ ठेवूं शकतों. मोडलेल्या बरगडीला सहा मिनिटांचीही सुटी मिळत नाहीं. म्हणून प्रत्येक श्वासाला कळ येते. कळ येते म्हणून माणूस अपुरा श्वास घेतो. श्वास अपुरा म्हणून फुफ्फुसाचा तळ उघडत नाहीं, तेथले बारीक वायुकोश मिटून जातात. खोकावें तर प्राणांतिक वेदना, म्हणून कफ आंतच सांचतो. आणि सांचलेल्या कफांत जंतु वाढतात. बरगडी मोडल्यानें सहसा कोणी मरत नाहीं. माणूस मरतो तो न घेतलेल्या श्वासानें आणि दाबलेल्या खोकल्यानें. मीं अण्णांच्या छातीवर पट्टा आवळला तेव्हां त्यांची कळ थांबविली ती फुफ्फुस थांबवून.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, असें पुढें वाचनांत आलें. त्यानें दुःख हलकें झालें नाहीं, परंतु समजूत पटली. सुश्रुतसंहितेंतसुद्धां मोडलेल्या बरगडीला तूप लावून बंध बांधण्यास सांगितलें आहे, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्त्य डॉक्टर चिकटपट्ट्यांनीं अर्धी छाती आवळीत असत. पुढें १९५६ च्या सुमारास अमेरिकेंतील शल्यविशारदांनीं अशा रोग्यांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवून आंतूनच छाती स्थिर करण्याची रीत काढली, आणि दोन दशकें बहुतेकांना सरसकट यंत्रावर ठेवीत गेले. १९७५ सालीं ट्रिंकल व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, पुष्कळांना यंत्राची गरजच नसते. वेदना नीट शमवावी, कफ काढावा, फुफ्फुस उघडें ठेवावें, म्हणजे रोगी बरा होतो. म्हणजे अण्णा पडले त्याच्या वीस वर्षें आधींच हें ज्ञान जगांत होतें. शाळेच्या कपाटांतलें पुस्तक मात्र जुनें होतें. कपाटांतलीं पुस्तकें जुनीं होतात हें आम्हां मास्तरांच्या ध्यानांत फार उशिरां येतें.

वृद्धांच्या बाबतींत हा विषय विशेषच नाजूक आहे. अमेरिकेंतील सिॲटल शहरांतून २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ६५ वर्षें व त्यावरील रोग्यांत मोडलेल्या प्रत्येक जास्तीच्या बरगडीमागें मृत्यूची शक्यता १९ टक्क्यांनीं आणि न्यूमोनियाची २७ टक्क्यांनीं वाढते. तरुणाच्या दोन बरगड्या आणि सत्तरीच्या आजोबांच्या दोन बरगड्या या सारख्या नव्हेत. आजोबा न्हाणीघरांत घसरले आणि श्वास घेतांना कूस दुखते म्हणाले, तर लेप उगाळण्यापूर्वीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें पाहिजे. क्ष-किरणांत कांहीं दिसलें नाहीं म्हणून निश्चिंत होऊं नये. साध्या चित्रांत निम्म्यापर्यंत मोडलेल्या बरगड्या दिसतच नाहींत. दुखणें हाच तेथें पुरावा धरावा.

मार मोठा असला तर बरगडीच्या आंत काय काय घडतें, तेंही थोडक्यांत सांगतों. मोडलेलें टोंक फुफ्फुसाला टोंचलें तर हवा गळून छातीच्या भिंतीच्या आंत सांचते आणि फुफ्फुस चिरडलें जातें. कधीं कधीं त्या छिद्राला सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखी झडप होते. हवा जाते पण परत येत नाहीं. मग दर श्वासाला दाब वाढत जाऊन हृदय एका बाजूस ढकललें जातें, आणि मिनिटांत जीव धोक्यांत येतो. अशा वेळीं जाणता डॉक्टर चित्राची वाट पाहत नाहीं. छातींत सुई घालून प्रथम हवा सोडतो. दुसरा प्रकार रक्त सांचण्याचा. तिसरा, लागून असलेल्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकीं दोन ठिकाणीं मोडल्या तर भिंतीचा एक तुकडाच सुटा होतो. छाती फुगते तेव्हां तो आंत ओढला जातो आणि छाती बसते तेव्हां बाहेर येतो. चौथा प्रकार फुफ्फुस ठेंचाळण्याचा, आणि तो सर्वांत मुका. पहिल्या दिवशीं माणूस बरा दिसतो आणि पुढच्या एकदोन दिवसांत श्वास कमी पडूं लागतो. म्हणूनच जोराचा मार बसलेला माणूस हसत बोलत असला तरी डॉक्टर त्याला ठेवून घेतात. त्यांत बिल वाढविण्याचा हेतु शोधूं नये. खालच्या बरगड्यांमागें तर उजवीकडे यकृत व डावीकडे प्लीहा असते. डाव्या कुशीला मार लागून डावा खांदा दुखूं लागला आणि घेरी येऊं लागली, तर तो पोटांतील रक्तस्राव असूं शकतो. तेव्हां खांद्याला तेल चोळीत बसूं नये.

एवढें ऐकून भय वाटूं देऊं नका. छातीच्या मुक्या मारांपैकीं दहांत एकापेक्षांही कमी रोग्यांना छाती उघडण्याची शस्त्रक्रिया लागते. बाकीच्यांचें काम वेदनाशामक औषध, एखादी नळी, आणि शुश्रूषा यांवर भागतें.

त्या नळीची आणि माझी ओळख २०१९ सालच्या डिसेंबरांत झाली. पळस्पे फाट्याजवळ रिक्षा उलटली, तींत आमचें कुटुंब होतें. वय ५८. रस्त्यावरच्या दोन तरुणांनीं १०८ क्रमांकास दूरध्वनि केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिला पाणी पाजूं दिलें नाहीं, ओढून बसविलें नाहीं, भोंवतालची गर्दी हटविली. त्यांचीं नांवें मला आजतागायत ठाऊक नाहींत. ही १०८ ची सेवा आपल्या राज्यांत २०१४ सालीं सुरू झाली. १९९६ सालीं ती असती तर, असा विचार मनांत येतोच. पुष्कळ लोक अपघातग्रस्ताला हात लावावयास पोलिसांच्या भयानें कचरतात. त्यांच्यासाठीं सांगतों, कीं ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांतच तें आलें. आपलें नांव सांगण्याचीसुद्धां त्याच्यावर सक्ति नाहीं. शिवाय मे २०२५ पासून रस्त्यावरील अपघातांत सांपडलेल्यास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत रोख न भरतां उपचार मिळण्याची केंद्र सरकारची योजना झाली आहे. पैशाच्या काळजीनें कोणी दाराशीं अडखळूं नये.

रुग्णालयांत कळलें कीं, डावीकडच्या चौथीपासून आठवीपर्यंत पांच बरगड्या मोडल्या असून छातींत हवा व रक्त दोन्ही सांचलें आहे. डॉक्टरीणबाईंनीं बगलेखालीं जागा बधिर करून बरगड्यांच्या फटींतून बोटाएवढी नळी आंत सरकविली. तिचें दुसरें टोंक खाटेखालच्या बाटलींत, पाण्याच्या पातळीच्या सुमारें दोन सेंटिमीटर खालीं बुडालेलें. मी तें पाहिलें आणि भीति क्षणभर विसरलों. ही तर आमची सृष्टिज्ञानाची प्रयोगशाळा! छातींतील हवा बुडबुडे होऊन पाण्यांतून निघून जाते, परंतु पाणी आड असल्यामुळें बाहेरची हवा परत छातींत शिरूं शकत नाहीं. श्वासाबरोबर नळींतलें पाणी वर-खालीं हलतें. हलतें आहे तोंवर नळी मोकळी आहे. इतकी साधी युक्ति, आणि तिच्यावर माणूस जगतो.

माझी शहाणपणाची मात्रा तेथेंच उतरली. दुसऱ्या दिवशीं तिला चित्र काढण्यासाठीं न्यावयाचें होतें. बाटली लोंबकळूं नये म्हणून मीं ती उचलून खाटेवर तिच्या कुशीशीं ठेवूं लागलों. तोंच परिचारिकेनें माझा हात धरला. “गुरुजी, बाटली वर नका घेऊं! पाणी उलटें छातींत जाईल.” मीं मान वर करून पाहिलें, तर चौथींत माझ्या वर्गांत पहिल्या बांकावर बसणारी मुलगी. पाणी आपली पातळी शोधतें हा पाठ मींच तिला शिकविला होता. बाटली नेहमीं छातीच्या खालीं, सरळ उभी; नळीला पीळ नाहीं, तिच्यावर रोग्याचें अंग नाहीं; आणि बुडबुडे येत असतां आपल्या मनानें नळीला चिमटा लावावयाचा नाहीं, नाहींतर हवा आंत कोंडते. बाटली फुटली किंवा नळी सुटली तर ओरडून परिचारिकेला बोलवावयाचें. हे नियम तिनें माझ्याकडून दोनदां म्हणवून घेतले.

पुढचे आठ दिवस मी विद्यार्थी होतों. पहिला पाठ असा, कीं वेदना सहन करणें हा येथें गुण नव्हे. आमच्या घरच्या बायकांना दुखणें सांगण्याचा संकोच फार; “थोडेंसें दुखतें” याचा अर्थ कळवळते आहे असा घ्यावा लागतो. डॉक्टरीणबाई तिला बजावीत, “मावशी, औषध झोंप येण्यासाठीं नाहीं, खोकतां यावें म्हणून आहे. दुखणें सुरू होण्यापूर्वीं घ्यायचें.” पहिले तीन दिवस तर पाठीजवळ बारीक नळी घालून तेथल्या मज्जातंतूंनाच बधिर ठेवलें होतें. कोणतें औषध किती, हें सांगणें माझें काम नव्हे. विशेषतः मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा विकार असणाऱ्यानें दुकानांतून आपल्या मनानें गोळ्या आणूं नयेत. मात्र तीव्र वेदनाशामकांनीं मलावरोध होतो आणि कुंथण्यानें छाती दुखते, तेव्हां पाणी, फळें व इसबगोल यांची सोय आठवणीनें ठेवावी.

दुसरा पाठ बसण्याचा. उताणें निजविणें बंद. पाठीशीं तीन उशा देऊन अर्धवट बसतें ठेवावयाचें, आणि डॉक्टरांनीं परवानगी देतांच खुर्चींत, मग बाटली हातांत खालीं धरून खोलीभर चालावयाचें. मला आठवे, अण्णांना मीं हलूंसुद्धां दिलें नव्हतें.

तिसरा पाठ खोकण्याचा. घडी केलेली मऊ उशी दुखऱ्या बाजूवर दोन्ही हातांनीं घट्ट धरावयाची, मोठा श्वास घ्यावयाचा, क्षणभर थांबावयाचें आणि खोकावयाचें. उशीचा आधार खोकल्यापुरताच. खोकून झालें कीं उशी बाजूला. पट्टा आणि उशी यांत फरक एवढाच, पण तो प्राणाएवढा आहे. पहिल्यांदां ती उशी धरून खोकली तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी आलें आणि तांबूस कफाचा गोळा बाहेर पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शाबास मावशी!” आणि मीं बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलों.

चौथा पाठ एका खेळण्याचा. पारदर्शक खोक्यांत तीन रंगीत चेंडू, आणि एक नळी. नळी ओंठांत धरून श्वास आंत ओढला कीं चेंडू वर चढतात. जाग असेपर्यंत दर तासाला दहा वेळां ओढावयाचें. शंभरांतलीं नव्वद माणसें पहिल्यानें त्यांत फुंकर मारतात. फुंकून कांहीं उपयोग नाहीं. पहिल्या दिवशीं तिचा एक चेंडू अर्ध्यावर जाऊन पडे. मीं फळ्यावर मांडावें तसें वहींत तास आणि चेंडू मांडून ठेवीत असें. चौथ्या दिवशीं दोन चेंडू, सातव्या दिवशीं तिसऱ्यानें टोपण हलविलें.

नळी सहाव्या दिवशीं निघाली आणि नवव्या दिवशीं आम्ही घरीं आलों. घरची शुश्रूषा त्याच धर्तीवर चालली. सुनेनें गड्याळाचा गजर लावून तासातासाला सासूबाईंना चेंडू ओढावयास लावलें. समाचाराला येणाऱ्या आप्तेष्टांनीं “पडून राहा हो,” असें सांगावें आणि आम्ही तिला उठवून अंगणांत फिरवावें, यामुळें आमच्याविषयीं आळींत थोडी चर्चाही झाली. एका दूरच्या मावशींनीं तर मोठ्या मायेनें पट्टा विकत आणला होता. मीं त्यांना चहा पाजला आणि पट्टा माळ्यावर टाकला. तंबाखूचा धूर घरांत येऊं द्यावयाचा नाहीं, जड उचलावयाचें नाहीं, आणि बरगड्या सांधण्यास साधारण सहा आठवडे लागतात, दुखणें त्याहूनही रेंगाळतें, हें आधींच ठाऊक असलें म्हणजे धीर सुटत नाहीं.

दारावर मीं एक कागद चिकटविला होता: ताप, वाढती धांप, कफांतून रक्त, ओंठ निळे, पोटांत किंवा खांद्यांत नवें दुखणें, कातडीखालीं बोट दाबलें असतां कुरकुर अशी फुगवटी, यांतलें एकही दिसलें तर रात्र-अपरात्र न पाहतां रुग्णालय. पुढें साथीच्या काळांत बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें यंत्र पुष्कळांच्या घरीं आलें. तें आतां कपाटांत धूळ खात असेल तर बाहेर काढावें. आंकडा ९४ च्या खालीं उतरूं लागला तर डॉक्टरांना कळवावें. मात्र आंकडा चांगला आहे म्हणून धांप दुर्लक्षूं नये.

मोटारींत मागच्या आसनावर बसणाऱ्यांनाही एक सांगावयाचें आहे. आज वापरतों तो तीन टोंकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें १९५९ सालीं तयार केला. पुढें बसणारे तो दंडाच्या भयानें लावूं लागले. मागचे अजून त्यावर बसतात. सप्टेंबर २०२२ मध्यें पालघर जिल्ह्यांतील चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या आसनावर, पट्टा न लावतां बसले होते. गाडी थांबते तेव्हां आंतला देह थांबत नाहीं, तो पूर्वीच्याच वेगानें पुढें जातो. हा न्यूटनचा नियम आहे. अण्णांच्या छातीवर बांधलेला पट्टा हा मारानंतरचा आणि अपायाचा. मोटारींतला पट्टा मारापूर्वीचा आणि उपायाचा. दोहोंना आपण एकच नांव देतों खरें.

आमची मंडळी आतां ठणठणीत आहे. थंडींत डावी कूस अजून थोडी बोलते, म्हणजे मुका मार अखेर बोलूं लागला म्हणावयाचा. सायंकाळीं ती वडाळे तळ्याला एक फेरी घालून येते. तें चेंडूंचें यंत्र तिनें टाकूं दिलें नाहीं. देव्हाऱ्याखालच्या फडताळांत तें असे. परवां धाकट्या नातवानें तें शोधून काढलें आणि गाल फुगवून नळींत फुंकर मारूं लागला. ती स्वयंपाकघरांतून ओरडली, “अरे, फुंकायचें नाहीं, ओढायचें!” आणि पदराला हात पुसून त्याला दाखवावयास बसली. तिन्ही चेंडू वर गेले.